न हललेला गोटा

घाटातल्या एका वळणावर रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराची बाजू नुकतीच कापली होती. पहिली सर पडून गेलेली, टपरीसमोर चार गाड्या थांबलेल्या, चहाचे ग्लास हातोहात फिरत होते. समोरच्या उभ्या कापात तांबूस-पिवळ्या मुरमामध्ये गोल काळे दगड दिसत होते, कुणी भाकरीएवढा, कुणी पाण्याच्या पिंपाएवढा, आणि सगळे कुणीतरी ओळीनं मांडून ठेवल्यासारखे. एका गृहस्थांनी ते निरखून पाहिले आणि ठामपणे सांगितलं, "इथून पूर्वी मोठी नदी वाहत असणार. वाहत्या पाण्याशिवाय दगडाला असा गोल आकार येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. टपरीवाल्यानंही दुजोरा दिला. ग्लास रिकामे झाले, गाड्या निघून गेल्या. पण ते वाक्य मनातून जाईना. त्यामागचा तर्क सरळ होता: नदीत गोटे गोल असतात, इथे गोटे गोल आहेत, म्हणजे इथे नदी होती. फक्त समोरच्या त्या भिंतीत नदीचा मागमूस नव्हता. ते गोटे जन्मल्यापासून वीतभरही हललेले नव्हते.

हे ओळखायला फार काही लागत नाही. भिंतीपासून दोन पावलं मागं उभं राहून गोट्यांच्या मधल्या जागेकडे पाहायचं. नदीनं आणून टाकलेले गोटे एकमेकांवर रेललेले असतात, बरेचसे एकाच दिशेला कललेले, फटींत वाळू आणि बारीक खडी भरलेली, आणि एक तांबडा तर दुसरा करडा, कारण ते ठिकठिकाणाहून आलेले. इथे प्रत्येक गोटा आपापल्या चौकोनी खणात बसलेला असतो. दोन गोट्यांच्या मधून मुरमातच एक बारीक सरळ रेघ उभी जाते, दुसरी आडवी, जणू दगडी भिंतीचे सांधे. आणि प्रत्येक गोट्याभोवती पापुद्रे असतात. हातोडीनं हलकेच टोकलं की सगळ्यात बाहेरचा पापुद्रा पिवळट भुग्यासारखा गळून पडतो. त्याच्या आतला तपकिरी, नखानं ओरखडा उठेल असा. त्याच्या आतला टणक, पण कडेला बोटभर गंजाचा पट्टा असलेला. आणि शेवटी निळसर काळा गाभा, ज्यावर हातोडी खणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. गवंड्यांना हा दगड चांगला माहीत आहे. ते त्याला कांदा म्हणतात तेव्हा उपमा देत नाहीत, दिसतं ते सांगतात.

या कांद्याची गोष्ट लाव्हा थंड होण्यापासून सुरू होते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या या भागावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थर निवताना आकसला आणि त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या. सुकत्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशाच, पण दगडात खोलवर गेलेल्या. खडकाचे असे ठोकळे झाले. पुढं त्या भेगांतून पावसाचं पाणी मुरायला लागलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेनं चढाई करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरा आधी कुजतो, मग कड, आणि बाजू सगळ्यात उशिरा. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे गेले की उरतो तो गोल. वाहणं नाही, घासणं नाही, गडगडणं नाही. भेगा जितक्या जवळजवळ तितकं काम झपाट्यानं होतं, आणि याचा हिशेब साधा आहे. एक मीटर बाजूच्या एकसंध ठोकळ्याला पाणी लागतं ६ चौरस मीटरवर. त्याच ठोकळ्यात दर १० सेंटीमीटरवर भेगा असल्या तर त्याचे १००० तुकडे होतात आणि पाणी लागतं ६० चौरस मीटरवर. म्हणून एकाच कापात हाताच्या अंतरावर एक गोटा अजून शाबूत असतो आणि शेजारचा पूर्ण मुरूम होऊन गेलेला असतो.

पाऊस तिथे फक्त झिरपत राहिला.

झिरपणाऱ्या पाण्यात असं काय असतं, हे एकदा नीट पाहायला हवं. हवेतून येतानाच पाऊस थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आंबट होतो. खरी धार त्याला येते ती मातीत शिरल्यावर. मुळं श्वास घेतात, पालापाचोळा कुजतो, जंतू खातात-पितात, आणि मातीतल्या पोकळ्यांमधल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट साचतो. ते पाणी खडकाच्या फटीत उतरतं तेव्हा सौम्य आम्ल झालेलं असतं. आपल्या काळ्या दगडात मुख्यतः चार गोष्टी असतात: फेल्डस्पार, पायरोक्झीन आणि मॅग्नेटाइट ही तीन खनिजं, आणि यांच्या मधल्या सांदीत घाईनं गोठलेली ज्वालामुखीची काच. आधी काच जाते. मग फेल्डस्पारमधला कॅल्शियम आणि सोडियम पाण्याबरोबर निघून जातो आणि मागं चिकणमाती उरते. पायरोक्झीनमधलं लोह सुटतं आणि गंजतं. मुरमाचा तांबूस-पिवळा रंग म्हणजे हाच गंज. या उलाढालीत नवे पदार्थ जास्त जागा मागतात, कड फुगते, आतला दगड फुगत नाही, आणि दोघांमध्ये ताण वाढून एक पापुद्रा सुटतो. सुटलेल्या पापुद्र्यामागं नवी फट, नव्या फटीत नवं पाणी. शेवटपर्यंत टिकतो तो मॅग्नेटाइट, कारण त्याला पाण्याचं फारसं काही वाटत नाही. पावसाळ्यानंतर घाटातल्या कुठल्याही ओढ्याच्या काठची वाळू कागदावर घ्यावी आणि खालून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवावं. काळे कण मुंग्यांसारखे उभे राहून चालायला लागतात. कधीकाळी दगड असलेल्या दगडाचं ते उरलेलं हाड.

मुरूम हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो काय आहे हे विसरून जातो. मुरूम म्हणजे दगडपण सुटत चाललेला दगड. अजून माती झालेला नाही, दगडही राहिलेला नाही. मूठभर घेऊन दाबला की करकरतो. बोटांच्या चिमटीत चोळला तर काही कण पिठूळ होतात, काही टोचतात. ज्याला रस्त्याला किंवा घराच्या भरावाला मुरूम घ्यायचा आहे त्यानं एवढं करावं: खाणीतून एक मोठा ढेप उचलावा, बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी ढेप बऱ्यापैकी आकार धरून असला आणि पाणी थोडंच गढूळ झालं असलं तर माल चांगला. ढेप विरघळून बादलीच्या तळाशी लगदा बसला असेल तर त्यात चिकणमाती जास्त, आणि तो रस्त्यावर टाकला तर जुलैत टायरांना चिकटून निघून जाईल. रंगावर विसंबू नये. लाल मुरूम चांगला हे सरसकट खरं नाही. लाल म्हणजे लोह गंजलंय, एवढंच. कण किती राहिलेत हे हातालाच कळतं.

विहीर खणणाऱ्यांकडे तर या कुजण्याचा पायरीपायरीनं उतरत जाणारा नकाशाच असतो. आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग, ज्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढं त्या पांढऱ्या स्फटिकांनी भरल्या. टिकाव मारला की त्यातून पांढऱ्या गारा निसटतात, काही इतक्या सुंदर की खणणारे त्या घरी नेऊन देव्हाऱ्याजवळ ठेवतात. पाणी असतं ते बहुतेक मुरमात आणि मांजऱ्यात, आणि त्याखालच्या पाषाणाच्या भेगांमध्ये. म्हणजे ज्या कुजण्यानं दगड संपतो, त्याच कुजण्यानं विहिरीला पाणी लागतं. अखंड काळा पाषाण लागला आणि भेग मिळाली नाही तर खणणं तिथेच थांबवलेलं बरं, हे कुठलाही जुना खणणारा सांगेल. आणि विहिरीचं बांधकाम जमिनीपासून पाषाणापर्यंतच का करतात याचं उत्तरही इथेच आहे. कोरडा मुरूम उभा राहतो, भिजलेला राहत नाही. बांधून काढला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात विहिरीचा काठ आत बसतो.

खणताना कधीकधी दोन पाषाणांच्या मध्ये गेरूचा पट्टा लागतो. हातभर, कधी दोन हात, कधी पुरुषभर जाडीचा, विटकरी लाल, बोटाला रंग लावणारा. हा पट्टा पाहून थांबावंसं वाटतं. एक लाव्हा वाहून गेला आणि पुढचा यायच्या आधी मध्ये इतका काळ गेला की खालच्या दगडाचा वरचा भाग कुजला, त्यावर राख-धूळ बसली, पाऊस पडला, माती होऊ लागली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून लाल केली. म्हणजे ज्या दिवसांत हा डोंगर अजून रचला जात होता, त्याच दिवसांत तो कुजायलाही लागला होता. सह्याद्रीच्या कड्यांवर दूरवरून जे आडवे पट्टे दिसतात, तेही याच हिशेबातले. थराचा मधला घट्ट भाग उभा राहतो आणि कडा होतो. वरचा पोकळ्यांचा भाग आणि गेरू लवकर कुजतात, मागं सरतात, आणि तिथे माची तयार होते. गडांच्या माच्या माणसानं बांधल्या त्या नंतर. जागा आधी पावसानं मोकळी करून ठेवली होती. मोठ्या लेण्यांसाठी खोदणाऱ्यांनी थर किती पारखून निवडले असतील हेही इथे लक्षात येतं. घट्ट, विरळ भेगांचा थर सापडल्याशिवाय वेरूळच्या कैलासासारखं मंदिर वरून खाली कोरत आणायची हिंमत कोण करणार?

एकाच दगडाचं पुढं काय होणार, हे मात्र तो घाटमाथ्याच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. घाट उतरून फलटणकडे गेलं की पाचशेच्या आसपास. जिथे पाणी भरपूर, तिथे ते विरघळलेलं सगळं धुऊन नेतं. कॅल्शियम जातो, सोडियम जातो, हळूहळू वाळूचं मूळद्रव्य सिलिकासुद्धा जातं, आणि शेवटी लोह आणि ॲल्युमिनियमच उरतं. तोच जांभा. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चालताना पायाखाली जो चाळणीसारखा, तांबडा-जांभळा दगड लागतो, तो काळ्या दगडाचा शेवटचा अवतार. खाणीतून नुकता काढलेला जांभा ओलसर आणि मऊ असतो, तेव्हाच त्याचा चिरा कापून घ्यायचा, कारण उघड्यावर वाळत गेला की तो कडक होत जातो. जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी मऊ, पांढुरकी-जांभळट चिकणमाती असते आणि सड्याच्या कडेची घरं बांधताना धोका तिथे असतो. खालची माती पाण्याबरोबर निसटते आणि वरचे मोठे ठोकळे आधार सुटून घसरतात.

पलीकडे, जिथे पाऊस थोडा आणि ऊन फार, तिथे विरघळलेलं बरंचसं जागेवरच राहतं. त्यातून वेगळी चिकणमाती तयार होते, पाणी प्यायली की फुगणारी, सुकली की आकसणारी. आपली काळी जमीन. मे महिन्यात तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो, आणि वरची सुकी माती त्याच भेगांतून खाली पडत राहते, म्हणजे ती जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. धुऊन न गेलेला कॅल्शियम खाली चुनखडीच्या खड्यांच्या रूपानं साठतो. त्या जमिनीवर घर बांधणारा पाया मुरूम लागेपर्यंत खणतो, कारण फुगणारी माती भिंत उचलते आणि आकसणारी सोडून देते, आणि असं दोन-चार वर्षं झालं की दरवाज्याच्या कोपऱ्यातून तिरकी चीर वर चढते. जांभ्याचा चिरा आणि कापसाची काळी, दोन्ही एकाच काळ्या दगडाच्या पोटची. हे समजल्यावर कोकणी आणि देशावरचा माणूस आपापल्या जमिनीबद्दल जे अभिमानानं बोलतो, त्यात एक जुनं नातं ऐकू येतं.

पण या कुजण्याचा एक चेहरा असा आहे की त्याच्याबद्दल हलक्या आवाजात बोलणं शक्य नाही.

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही गावांवर दरड कोसळली. माळीणला दीडशेवर माणसं गेली. रोजच्या फेरीला निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जिथे असायला हवं तिथे दिसलंच नाही. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, आणि त्याला कारण आहे. जूनचा पाऊस कोरडा मुरूम पिऊन टाकतो. जुलै सरत येतो तेव्हा मुरमाचं पोट भरलेलं असतं, आणि त्यावर दोन-तीन दिवस संततधार झाली की जाणाऱ्या पाण्यापेक्षा येणारं पाणी जास्त होतं. मुरमात तीस टक्के पोकळी धरली तर एका घनमीटरात ३०० लिटर पाणी मावतं, म्हणजे उतारावरच्या प्रत्येक घनमीटराचं वजन ३०० किलोनं वाढतं. त्याहून वाईट म्हणजे पोकळ्यांत कोंडलेलं पाणी कणांना एकमेकांपासून उचलून धरतं. ज्या घर्षणावर अख्खा उतार उभा होता तेच ढिलं पडतं. पाणी मुरमातून सरळ खाली येतं आणि कातळावर किंवा गेरूच्या चिकण पट्ट्यावर येऊन अडतं. तिथे एक निसरडी पातळी तयार होते, आणि मग वरचं सगळं, झाडांसकट, एका दमात सुटतं. झाडं का धरत नाहीत, असा प्रश्न येतो. ती धरतात, पण मुळं जाईपर्यंतच. सरकणारी पातळी मुळांच्या खाली असली तर झाडं त्या भारातच जमा होतात.

डोंगर जाण्याआधी खुणा देतो. उताराच्या वरच्या अंगाला, आडवी, चंद्रकोरीसारखी भेग पडते. कालपर्यंत कोरड्या असलेल्या जागी झरा फुटतो, किंवा बारमाही झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं, नाही तर एकदम थांबतं. विजेचे खांब कलतात, तारा एका बाजूला ताणल्या जातात. घरांची दारं चौकटीत अडकायला लागतात, शेणानं सारवलेल्या जमिनीला लांब चीर जाते. यातली एक खूण दिसली तर वरच्या भेगेत पाणी शिरू नये म्हणून ती चिकणमातीनं घट्ट बुजवायची, तिच्या वरून पाणी बाजूला काढून द्यायचं आणि तालुक्याला कळवायचं. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर बुजवत बसायचं नाही, घर सोडायचं. आणि सोडताना उताराच्या खाली पळायचं नाही, कारण माती तिकडेच येते. बाजूला, आडवं निघायचं, ओढ्याची पन्हळ टाळून. तीव्र उतारावर चर खणून पाणी जिरवण्याची चांगल्या हेतूनं होणारी कामंही इथे जपून व्हायला हवीत. ज्या माळावर समपातळी चर वरदान आहेत, तेच चर गावाच्या डोक्यावरच्या चढ्या, मुरमाड उतारावर खणले तर पाणी नेमकं नको तिथे उतरतं. पाणी अडवा, पाणी जिरवा हे बरोबरच आहे. कुठे जिरवायचं हे आधी पायाखालच्या थराला विचारावं लागतं.

घाटातल्या त्या कापाला याच गोष्टीची भीती आहे. मुरमात उभी भिंत कापली की उन्हाळ्यात ती छान उभी राहते आणि ठेकेदार निर्धास्त होतो. पावसाळ्यात गोट्यांच्या मधला पिवळा मुरूम आधी धुऊन जातो, गोटा पुढं झुकतो आणि एका रात्री रस्त्यावर येतो. खालून आधाराची भिंत घातली तरी तिच्यात पाणी निघायला नळ्या ठेवाव्या लागतात, आणि मागं मातीऐवजी खडी भरावी लागते, नाही तर नळ्या चिखलानं बुजतात. नळ्या बुजलेली भिंत ओळखता येते: मधोमध पोट सुटलेलं, आणि त्या पोटावर आडवी चीर. घाटात गाडी चालवताना अशी भिंत दिसली की तिच्याखाली थांबू नये, टपरी असली तरी.

पावसाळा संपता संपता त्या कापातला पिंपाएवढा गोटा सुटलेला दिसला. त्याची जागा भिंतीत रिकामी होती, गोल, आतून पापुद्र्यांनी मढलेली, नारळ काढून घेतलेल्या करवंटीसारखी. गोटा रस्ता ओलांडून दरीच्या कडेशी जाऊन अडकला होता. कुणी तरी त्याला ढकलून कठड्यापलीकडे टाकला, आणि तो दोन-तीनदा आपटत, पिवळा भुगा सांडत, खाली ओढ्यात पोचला. प्रवासाचा पहिला दिवस. आता त्याच्यावरून पाणी वाहील, शेजारचे दगड त्याला घासतील, गंजलेला बोटभर पट्टा एका हंगामात निघून जाईल आणि निळसर काळा गाभा गुळगुळीत होईल. पुढच्या वर्षी कुणी त्याला नदीचा गोटा म्हटलं तर ते खोटं नसेल. त्याच्याही पुढं तो फुटेल, बारीक होईल, ओढ्यातून नदीला आणि नदीतून खाडीला लागेल. कोकणच्या पुळणीवर ओहोटीची लाट मागं सरते तेव्हा पांढुरक्या वाळूवर काळ्या वाळूच्या नागमोडी रेघा उमटतात. मुलं त्यात लोहचुंबक फिरवतात, आणि काळे कण उभे राहून चालायला लागतात.